ज्वारीचा पोंगा कां सुकला?

गेल्या पावसाळ्यांत दारव्ह्याच्या बाजूच्या एका लहान खेड्यांत आमचें जाणें झालें. सायंकाळची सभा आटोपल्यावर मंडळींतील एक वृद्ध गृहस्थ आम्हांस हातास धरून आपल्या वावरांत घेऊन गेले. दीड एकराचा तो तुकडा. कापसाची पेरणी आटोपल्यावर उरलेल्या या जागेंत त्यांनीं जुलैच्या अखेरीस घरच्या भाकरीपुरती ज्वारी पेरिली होती. रोपें वीतभर उंचीचीं झालीं होतीं. बाहेरचीं दोन-तीन पानें हिरवींगार, पण मधला पोंगा वाळून गेलेला. त्यांनीं दोन बोटांनीं एक पोंगा ओढला, तो अलगद हातांत आला. बुडाशीं कुजल्याचा वास येत होता. "बी खोटं निघालं, पाळकसाहेब. दुकानदारानं फसवलं आमाले," असें ते म्हणाले.

त्यांच्या म्हणण्यास आम्हीं त्या वेळीं मान डोलाविली, हें येथें कबूल केलें पाहिजे. पुढें जाणत्या मंडळीस विचारल्यावर कळलें कीं, बी खरें होतें आणि दुकानदार निर्दोष होता. ज्याच्यावर आळ घेतला तो चोर नव्हे, आणि खरा चोर डोळ्यांसमोर असूनही ओळखतां आला नाहीं, अशी आमची स्थिति झाली. त्या चोराची ओळख करून देण्यासाठीं हा पाठ लिहीत आहों.

त्याचें नांव खोडमाशी. ही घरांतील माशीहून लहान असून रंगानें राखी असते. ज्वारीचें रोप उगवून आठवडा झाला कीं ती पानाच्या खालच्या बाजूस, मधल्या शिरेस समांतर, एकेक लांबट पांढरें अंडें चिकटवून ठेवते. दोन-तीन दिवसांत अंडें फुटून अळी बाहेर पडते. ती पानावर खात बसत नाहीं. पहांटेच्या दंवाच्या ओलाव्यावरून सरपटत थेट पोंग्याच्या गाभ्यांत उतरते आणि वाढीचा कोंब कापून टाकते. मग मधलें पान सुकतें व बुड कुजतें. यासच पोंगेमर म्हणतात. रोप एक महिन्याचें झालें म्हणजे तें या माशीच्या तावडींतून बहुधा सुटतें. म्हणजे सारा धोका पहिल्या चार आठवड्यांचा.

आतां जुलैची पेरणीच कां बुडाली? उन्हाळ्यांत या माशीस ज्वारीचें कोवळें रोप मिळत नाहीं. थोड्याशा माशा कोठें रानगवतावर, कोठें ओलिताच्या हिरव्या चाऱ्यावर जीव धरून राहतात. मृगाच्या पावसाबरोबर ज्वारी उगवली कीं त्यांस अन्न मिळतें. अंड्यापासून नव्या माशीपर्यंत सुमारें तीन आठवडे लागतात. म्हणून जूनमध्यें पेरलेल्या वावरावर थोड्या माशा येतात, आणि त्यांची संतति वाढून जुलैच्या शेवटीं जें कोवळें रोप सांपडेल त्यावर तुटून पडते. शेजाऱ्याची ज्वारी तोंवर थोराड झालेली असते. मार खातो तो मागाहून पेरणारा. यासाठींच पावसास नीट सुरुवात झाल्यावर आठ-दहा दिवसांच्या आंत, आणि शक्य तर साऱ्या शिवारानें एकदमच ज्वारीचा पेरा उरकावा, असें संशोधकांचें सांगणें आहे. याला एक पैसा पडत नाहीं. पण आमच्या जिल्ह्यांत पहिल्या पावसाचा मान कापसाचा, दुसरा सोयाबीनचा, आणि ज्वारीच्या वांट्यास उरलेला वेळ व उरलेलें वावर. तेव्हां फुकटचा उपायही महाग पडतो.

उशीर टळतच नसेल तर बियाण्याचें प्रमाण थोडें वाढवून पेरावें, आणि विरळणी करतेवेळीं पोंगेमर झालेलीं रोपें उपटून नष्ट करावीं. आपण घाईनें आधींच विरळणी करून मोकळे होतों. मग माशी येते आणि ओळींत खिंडारें पडतात. बियाण्यास पेरणीपूर्वीं कीटकनाशक चोळण्याचीही रीत निघाली आहे. तिच्यांत औषध थोडें लागतें व तें रोपाच्या आंत राहतें. मात्र तसें चोळलेलें बी माणसांनीं वा जनावरांनीं खाऊं नये, आणि उरलेलें दळणांत मिसळूं नये. हें सांगण्याची गरज पडावी याचें वाचकांस आश्चर्य वाटेल. ज्यांनीं खेड्यांत दिवस काढले आहेत त्यांस वाटणार नाहीं.

हें सारें ज्ञान कोणा एकाच्या बुद्धींतून निघालें नाहीं. हैदराबादेजवळ पाटणचेरू येथें १९७२ सालीं इक्रिसॅट नांवाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आफ्रिका ही ज्वारीची मूळ भूमि. तेथील आणि आपल्याकडील ज्वारीचे हजारों नमुने या संस्थेनें जतन करून ठेविले आहेत. ते वावरांत पेरून, माशीचा मारा मुद्दाम वाढवून, कोणते तग धरतात हें पाहिलें जातें. असें आढळलें कीं कांहीं वाणांचीं कोवळीं पानें तुकतुकीत असतात, त्यांच्या खालच्या बाजूस सूक्ष्म केंस असतात, आणि पोंग्यावर दंवाचा ओलावा कमी राहतो. माशीस तेथें अंडें घालणें आवडत नाहीं, व अळीस सरपटणें जड जातें. सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ येथें १९३० नंतरच्या दशकांत निवडलेल्या मालदांडी ज्वारींत हा गुण बराच आहे. ती रब्बीची ज्वारी. आमच्या खरिपास ती जशीच्या तशी उपयोगीं पडत नाहीं. परंतु एका वाणाचा गुण दुसऱ्यांत आणणें हेंच तर संकर करणाऱ्यांचें काम आहे.

येथें आमच्या जिल्ह्याचा एक मोठा संबंध येतो. पुसद तालुक्यांतील गहुली गांवचे वसंतराव नाईक हे १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, हा राज्यांत कृषिदिन म्हणून पाळला जातो. ते अधिकारावर आले त्याच सुमारास, १९६४ सालीं, देशांतील पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, प्रसारित झाली, आणि त्यांनीं तिच्या प्रसारास मोठें बळ दिलें. अन्नाचा तुटवडा होता, परदेशी धान्यावर देश जगत होता. तिची एक बाजू अमेरिकेतील बुटक्या वाणाची होती. टेक्सासमध्यें १९५४ सालीं असें ज्वारीचें झाड आढळून आलें कीं ज्याच्या फुलांत कार्यक्षम पराग होत नाहीं. अशा झाडांच्या ओळी दुसऱ्या वाणाच्या ओळींशेजारीं लावल्या कीं वाऱ्यानें येणाऱ्या परागानें त्यांच्या कणसांत जें बी धरतें तें सर्व संकरित. हें बी पेरिलें म्हणजे पहिल्या पिढीस विशेष जोम येतो. तिचेंच बी पुढच्या वर्षीं पेरिलें तर जोम ओसरतो व झाडें उंच-बुटकीं, आगेंमागें पिकणारीं अशीं निघतात. दरवर्षीं नवें बी विकत घ्यावें लागतें त्याचें कारण हें आहे. ती केवळ व्यापाऱ्याची लबाडी नव्हे.

परंतु खरें बोलावयाचें तर त्या पहिल्या संकरित ज्वारीबद्दल आमच्या वडीलधाऱ्यांची तक्रारही होती, व ती खोटी नव्हती. वऱ्हाडची जुनी ज्वारी डोक्यावरून कितीतरी उंच जाई आणि पिकण्यास पांचेक महिने घेई. दिवस लहान होऊं लागल्यावांचून ती निसवतच नसे. म्हणून जूनमध्यें पेरिली तरी तिचा दाणा पाऊस सरल्यावर, कोरड्या हवेंत भरे. दाणा पांढरा, भाकर गोड, आणि कडबा भरपूर. नवी ज्वारी शंभर दिवसांत तयार होई व खत दिल्यास उत्पन्नही कितीतरी अधिक देई. पण दिवसाच्या लांबीशीं तिला कर्तव्य नसल्यामुळें ती भर पावसांत पिके, आणि कणसांवर बुरशी येऊन दाणा काळा पडे. काळ्या दाण्यास बाजारांत भाव नाहीं व घरांत चव नाहीं. शिवाय एकाच शिवारांत कोणाची ज्वारी आगस, कोणाची मागास फुलूं लागली, तेव्हां फुलोऱ्यांत अंडीं घालणाऱ्या मिजमाशीस लांबवर अन्न मिळत राहिलें. एक गांठ सोडवितांना दुसरी बसली, असें म्हणावें लागेल.

संशोधक या तक्रारीकडे कानाडोळा करून बसले नाहींत. पुढें सीएसएच-५, सीएसएच-९ असे सुधारलेले संकर आले. अकोल्यास १९६९ सालीं स्थापन झालेल्या, डॉ. पंजाबराव देशमुखांचें नांव धारण करणाऱ्या कृषि विद्यापीठानें सीएसएच-१४ हा आपल्या भागासाठीं तयार केला; तो १९९२ सालीं प्रसारित झाला. बुरशीवर आणखी एक साधी युक्ति सांपडली. दाण्याच्या बुडाशीं काळा ठिपका दिसूं लागला म्हणजे दाणा आंतून पुरा भरलेला असतो. त्यापुढें तो झाडावर फक्त वाळत राहतो. म्हणून पावसाचा रंग दिसला तर ठिपका पाहून कणसें कापावीं व आडोशाला पसरून वाळवावीं. कणीस ताटावरच कडकडीत वाळलें पाहिजे हा आपला जुना हट्ट जुन्या ज्वारीस शोभत होता.

काणीची गोष्ट याहून जुनी आहे, आणि आम्हांस ती फार आवडते. कणसांत दाण्याच्या जागीं राखी रंगाची पिशवी व तींत काळी भुकटी, हा रोग कोणा शेतकऱ्यास ठाऊक नाहीं? मळणींत त्या पिशव्या फुटतात व भुकटी चांगल्या दाण्यांस चिकटते. तेंच बी पेरिलें कीं बुरशी कोवळ्या रोपांत शिरते, सारा हंगाम आंत गुपचूप राहते आणि निसवल्यावर प्रगट होते. रोग जर दाण्याच्या बाहेरून चिकटून येतो, तर पेरण्यापूर्वींच दाणा स्वच्छ केला कीं काम झालें! म्हणून इंग्रजी अमदानींतच शेतकी खात्यानें बियाणें मोरचुदाच्या पाण्यांत बुडविण्याची, व पुढें बारीक गंधक चोळण्याची रीत शिकविली. किलोभर बियाण्यास ४ ग्रॅम गंधक पुरतें. कणसांत काणी दिसल्यावर फवारणी करणारा माणूस मात्र पैसा मातींत घालतो.

खोडकिडा हा खोडमाशीचा भाऊबंद नव्हे, पण पोंगा तोही सुकवितो. ओळखण्याची खूण अशी कीं त्याच्या अळ्या आधीं पोंग्याच्या गुंडाळलेल्या पानांतून खातात, म्हणून पान उलगडल्यावर आडव्या ओळींत भोंकें दिसतात. खोडमाशीच्या रोपावर तशीं दिसत नाहींत. पीक निघाल्यावर ही अळी कडब्याच्या ताटांत व वावरांतील धसकटांत झोंपून राहते आणि पावसाबरोबर पतंग होऊन बाहेर पडते. तेव्हां पावसापूर्वींच धसकटें वेंचून काढावीं व उरल्या कडब्याची कुट्टी करावी. जें वावर आपण उन्हाळ्यांत रिकामें समजतों तेथें पुढच्या वर्षाचा शत्रु बिऱ्हाड करून असतो.

औषध-फवारणीविषयीं लिहितांना आमचा हात जड होतो. २०१७ च्या पावसाळ्यांत याच यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले. शेकडों रुग्णालयांत गेले. आम्हीही तेव्हां एका खाटेपाशीं बसलों होतों. दिवसाच्या मजुरीसाठीं दुसऱ्याचें वावर फवारणारा तो तरुण. त्याच्या डोळ्यांपुढें अंधारी होती, आणि काय फवारलें हें त्यास सांगतां येत नव्हतें, कारण डब्यावर काय लिहिलें आहे तें त्याला कोणीं वाचून दाखविलें नव्हतें. त्या वर्षीं कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती, हवा दमट होती, दोन-तीन औषधें एकत्र कालविलेलीं होतीं. तोंडास फडकें नव्हतें, हातमोजे नव्हते. औषध एक असलें तर वैद्यास त्याचा उतारा शोधतां येतो. मिश्रणापुढें तोही चांचरतो. म्हणून औषधें आपल्या मनानें मिसळूं नयेत. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारूं नये. आणि कोणास घेरी आली, मळमळलें, तर त्याचे कपडे काढून अंग साबणानें धुवावें व डबा बरोबर घेऊन लगेच दवाखाना गांठावा. डब्यावर चौकोनांत रंग असतो. तांबडा सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा व हिरवा. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांसही रंग दिसतो. एवढें तरी प्रत्येक मजुरास आमच्या शिक्षक-प्रचारक बंधूंनीं दाखवून द्यावें.

संशोधकांचें म्हणणें फवाराच, असें मुळींच नाहीं. आधीं मोजा, मग ठरवा, असें त्यांचें म्हणणें आहे. ज्वारींत शंभरांत दहा रोपांची पोंगेमर होईपर्यंत फवारणीचा खर्च निघत नाहीं. तुरीवरील घाटेअळीसाठीं कामगंध सापळे मिळतात. एका सापळ्यांत रोज आठ-दहा पतंग सलग दोन-तीन दिवस सांपडले तर सावध व्हावयाचें, तोंवर नाहीं. अळ्या लहान असतांना निंबोळीचा अर्क पुरतो: पांच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यांत भिजवाव्या, फडक्यानें गाळाव्या, थोडा साबण घालून शंभर लिटर पाणी करावें. आणि तुरीच्या बियाण्यांत मूठभर ज्वारी मिसळून पेरावी, म्हणजे तिच्या ताटांवर पांखरें बसतात व अळ्या टिपतात. कपाशींत तुरीच्या व ज्वारीच्या ओळी घालण्याची वऱ्हाडची चाल तर आपल्या आजोबांपासूनची. ती मोडून सगळें वावर एकाच पिकानें भरण्याचें शहाणपण आपलें.

त्या वृद्ध गृहस्थांस आम्हीं पुढच्या भेटींत हें सर्व सांगितलें. दुकानदारावरील आळ ऐकून ते जरा ओशाळले, पण लगेच म्हणाले, "तुमचं पटलं, पण मी कसं मानू?" हा प्रश्न आम्हांस फार योग्य वाटला. संशोधकही आपलें म्हणणें असेंच तपासतो. तो एकाच वावराचे तुकडे करतो; कांहींत नवी रीत, कांहींत जुनी, आणि जमिनीच्या चढउताराचा दोष एकावरच पडूं नये म्हणून ते तुकडे ठिकठिकाणीं विखरून ठेवितो. मग धान्य मोजतो. तेव्हां असें ठरलें कीं यंदा त्यांनीं ज्वारी मृगाच्या पावसावर पेरावी, बियाण्यास गंधक चोळावें, पण धुऱ्याजवळ चार व मधोमध चार ओळी जुन्या रीतीनें, बियाण्यास कांहीं न चोळतां, मागाहून पेराव्या. आणि काढणीच्या वेळीं दोहोंचें धान्य निरनिराळें मोजावें. ओळी ओळखूं याव्या म्हणून त्यांच्या नातवानें बाभळीच्या खुंट्या तासून ठेविल्या आहेत.

ज्यांच्या वावरांत असा प्रसंग येईल त्यांनीं सुकलेला पोंगा तेवढा उपटून आणूं नये. मुळासकट दोन-तीन रोपें, एक निरोगी व बाकीचीं रोगट, ओल्या फडक्यांत गुंडाळून यवतमाळच्या कृषि विज्ञान केंद्रांत न्यावीं, आणि पेरणीची तारीख, बियाण्याच्या पिशवीवरील चिठ्ठी व मागें काय फवारलें तें बरोबर सांगावें.