खिशातील छापखाना

हा वार्षिक अंक हाती पडताच विद्यार्थी प्रथम आपले छायाचित्र शोधितात, मग मित्राचे, आणि त्यानंतर निकालाचे पान उघडतात. अखेरच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत जी एक ओळ असते, ती सहसा कोणी वाचीत नाही. तीत मुद्रकाचे नाव, छापखान्याचे ठिकाण व प्रकाशकाचे नाव असते. ती शोभेसाठी घातलेली नसते. आपल्या देशात १८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकांवर व वर्तमानपत्रांवर अशी ओळ घालणे बंधनकारक केले. त्या कायद्यात परक्या सरकारची सोय अधिक होती, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि त्यायोगे एक चांगली सवय देशास लागली. 'हे कोणी छापले?' असे कोणी विचारले, तर उत्तर देण्यास एक मनुष्य पुढे यावा लागे.

ज्यांनी खिळ्यांचा छापखाना पाहिला आहे, त्यांस हेही ठाऊक असेल की, तेथे एकेक अक्षर हाताने जुळवावे लागे, मुद्रिते तपासावी लागत, आणि मजकूर निदान एक रात्र तरी पडून राही. रागाच्या भरात लिहिलेले वाक्य सकाळी लेखक स्वतःच खोडून टाकी. सांप्रत आमच्या प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे, चित्रपटगृह आहे व टपालखातेही आहे. नाहीशी झाली आहे ती मधली रात्र, आणि तळाची ती ओळ.

मुंबईत चित्रित झालेल्या 'इंडियाज गॉट लेटेंट' या यूट्यूबवरील विनोदी कार्यक्रमामुळे २०२५ च्या फेब्रुवारीत देशभर गदारोळ उठला. त्यात रणवीर अलाहबादिया या प्रसिद्ध यूट्यूबकाराने एका स्पर्धकास त्याच्या आईवडिलांविषयी असा प्रश्न विचारला की, तो येथे लिहिणे शक्य नाही. मुंबईत व गुवाहाटीत तक्रारी दाखल झाल्या. कार्यक्रमाचे कर्ते समय रैना यांनी सर्व भाग काढून टाकिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८ फेब्रुवारी रोजी न्यायालयाने अलाहबादिया यांस अटकेपासून संरक्षण दिले, परंतु त्यांच्या भाषेविषयी कठोर शब्द काढिले व तूर्त कार्यक्रम प्रसारित करण्यास मनाई केली. ३ मार्च रोजी ती मनाई उठली, ती अशा हमीवर की, कोणत्याही वयाच्या प्रेक्षकास पाहता येईल इतकी सभ्यता कार्यक्रमात राखिली जाईल.

त्या दिवसांत आम्ही नववीच्या वर्गात विचारिले, 'हा कार्यक्रम किती जणांनी पाहिला आहे?' दोन हात वर झाले. 'आणि तो तुकडा?' बहुतेक सारा वर्ग हसू लागला. 'कोठून मिळाला?' यावर एका मुलाने सरळपणे सांगितले, 'सर, मामांनी पाठविला. वर लिहिले होते, हे किती घाण आहे पाहा.' त्या मामांचा हेतू निषेधाचाच होता, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु मूळ कार्यक्रम ज्याने त्याने आपखुशीने उघडावयाचा होता. आमच्या वर्गातील चौदा वर्षांच्या मुलांपर्यंत तो पोहोचविला तो निषेध करणाऱ्यांनी. वाणी अमंगळ होती ती एकाची. तिच्या प्रती काढणारे हात मात्र घरोघरीचे होते. वर्तमानपत्रांनी चर्चा केली ती पहिल्याची, आणि ते रास्तच होते. आम्हांस येथे दुसऱ्यांविषयी लिहावयाचे आहे, कारण त्यांत आम्हीही आहोत.

२०१८ च्या जून महिन्यात मुले पळविणारी टोळी आपल्या भागात आली असल्याचा निरोप सर्वत्र फिरत होता. सोबत एक चित्रफीत होती: गल्लीत मुले खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका लहानग्यास उचलतात व निघून जातात. आम्ही ती पाहिली, आमच्या अंगावर काटा आला, आणि सातवीच्या पालकांच्या ग्रुपवर 'काळजी घ्यावी' असे लिहून आम्ही ती पाठविली. शिक्षकाचे ते कर्तव्यच आहे, असे आम्हांस त्या क्षणी वाटले. तिसऱ्या दिवशी एक पालक शाळेत आले. ते म्हणाले, 'सर, काल वस्तीवर एक नंदीबैलवाला आला होता. पोरांनी काठ्या घेऊन ओढ्यापलीकडे पिटाळला. म्हातारा पडला, पण बैल सोडीना.' आम्ही विचारिले, 'त्याने काय केले होते?' ते किंचित गोंधळले. 'काही नाही. पण मेसेज तुमचाच होता ना, सर?'

ती चित्रफीत कोठली होती हे पुढे उघड झाले. ती कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांस सावध करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली जाहिरात होती. मूळ फितीत तेच दोघे परत येतात, मुलास खाली ठेवितात, आणि एक फलक उंच धरून किती सहज मूल नाहीसे होऊ शकते याची जाणीव करून देतात. कोणीतरी तो शेवट कापला होता. फितीत एकही खोटे चित्र घातलेले नव्हते. केवळ काही क्षण वजा केले होते, आणि दयेचे काम भीतीचे झाले. कोणत्या गावची, कोणत्या वर्षाची, याची चौकशी आम्ही केली नव्हती. आम्ही पदवीधर, मुलांस संदर्भासहित स्पष्टीकरण लिहावयास शिकविणारे!

त्याच सुमारास, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजारच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ठार मारिले. मुले पळविणारे म्हणून त्यांस पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले व तेथेच मारिले. बातमी वाचताना आमच्या डोळ्यांपुढे तो ओढा व तो बैल उभा राहिला. आमच्या वस्तीपासून राईनपाड्याचे अंतर मैलांत पुष्कळ असेल. दुसऱ्या मापाने ते फारच थोडे होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पाठविता येणार नाही असे केले, व पुढे आलेल्या निरोपावर तसे दर्शविणारी खूण घातली; वारंवार फिरलेल्या निरोपावर पुढे दुहेरी बाण दिसू लागला. आमच्या पालकांनी त्या दुहेरी बाणाचा अर्थ समजून घ्यावा. त्याचा अर्थ 'महत्त्वाचे' असा नाही. 'हे अनेक हातांतून आले आहे व मूळ लिहिणारा कोण हे दिसत नाही' असा आहे.

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा रस्ता आमच्या वसतिगृहातील दौंडकडील मुलांस चांगला परिचयाचा आहे. त्याच रस्त्यावरील हडपसर येथे २ जून २०१४ रोजी, फेसबुकावर थोर पुरुषांची विटंबित चित्रे फिरल्यामुळे खवळलेल्या जमावाने, नमाजाहून घरी परतणाऱ्या एका तरुण संगणक अभियंत्याचा जीव घेतला. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. त्याच रस्त्याने पुढे गेले की दौंड तालुक्यातील यवत लागते. तुकोबारायांची पालखी येथे मुक्कामास येते, तेव्हा गावकरी हजारो वारकऱ्यांस पिठले-भाकरी वाढितात; पंक्तीत कोण कोठला हे विचारीत नाहीत. २०२५ च्या जूनमध्येही तसेच झाले. पुढे जुलैअखेर छत्रपतींच्या पुतळ्याच्या विटंबनेने गाव आधीच दुखावलेले असताना, १ ऑगस्ट रोजी मध्य प्रदेशातील एका घटनेविषयी एका युवकाने टाकलेली पोस्ट फिरली, आणि त्याच गावात दगडफेक व जाळपोळ झाली. पोलिसांस अश्रुधूर सोडावा लागला. जमावबंदी जारी झाली.

त्या सायंकाळी वसतिगृहात त्या भागातील मुलांस घरी बोलता यावे म्हणून आम्ही फोन दिला. बोलणे संपण्यापूर्वीच त्या फोनवर एका मोठ्या आगीचे चित्र आले. खाली 'यवत, आत्ताचे' असे लिहिले होते. एक मुलगा रडू लागला. त्याच्या शेजारी बसलेला, दुसऱ्या धर्माचा पण एकाच ताटात जेवणारा त्याचा मित्र, चित्राकडे बराच वेळ पाहत राहिला व म्हणाला, 'सर, या दुकानाची पाटी वाचा की. ही अक्षरे आपली नाहीतच.' खरोखरच ती देवनागरी नव्हती. चित्र कोठले होते कोण जाणे. आमच्यापेक्षा त्या पोराची दृष्टी अधिक स्थिर होती, हे येथे नमूद करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

यावर काही पालक म्हणतील की, असे लिहिणाऱ्या सर्वांस तुरुंगात घालावे. या विषयातही आपल्या राज्याने एक धडा घेतला आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयी पालघर येथील एका तरुणीने फेसबुकावर आपले मत सौम्य शब्दांत लिहिले. तिला अटक झाली. आणि तिच्या मैत्रिणीसही, जिने ते मत केवळ 'लाइक' केले होते. एका नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ज्या कलमाचा तेव्हा आधार घेतला, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. न पटणारे मत आणि दंगा पेटविणारी खोटी बातमी यांत भेद आहे. तो भेद न करणारा कायदा निरपराध्यांवरच आधी पडतो. उलट, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे ३५३ वे कलम पाहावे. लोकांत भय अथवा वैर उत्पन्न करणारी खोटी माहिती वा अफवा रचणारा, प्रसिद्ध करणारा व फिरविणारा या तिघांस ते एकाच ओळीत बसविते, आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करिते. 'मी तर फक्त पुढे पाठविले' ही सबब त्यात कोठेही मान्य केलेली नाही.

आता ज्यांस स्वतः यूट्यूबकार व्हावयाचे आहे, अशा विद्यार्थ्यांविषयी दोन शब्द. अशांची संख्या आमच्या शाळेत डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यांहून कमी नसावी. आम्ही त्यांस हसत नाही. शिरूरकडील कांद्याचे व दौंडकडील उसाचे अनेक शेतकरी औषध फवारणीची माहिती आज यूट्यूबवरून घेतात, व ती देणारे कित्येक साधे, सच्चे लोक आहेत. परंतु या धंद्याचे गणित समजून घ्यावे. जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यास साधारणपणे एक हजार वर्गणीदार व वर्षभरात चार हजार तास पाहिले जाणे आवश्यक असते. ते तास विचार करावयास लावून भरतात की संताप आणून, हे यंत्र विचारीत नाही. संतापाने ते लवकर भरतात, आणि मोह तेथेच आहे. एखाद्या वस्तूची पैसे घेऊन स्तुती केली, तर तसे स्पष्ट सांगण्याचा नियम केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने २०२३ च्या जानेवारीत घालून दिला आहे. तो किती पाळला जातो हे विद्यार्थ्यांनी स्वतःच पाहावे.

यवतच्या घटनेनंतर आम्ही दहावीच्या वर्गात एक उपक्रम सुरू केला. आलेल्या कोणत्याही एका निरोपाखाली, छापील पुस्तकाप्रमाणे, चार गोष्टी वहीत लिहावयाच्या: कर्ता कोण, ठिकाण कोणते, दिनांक कोणता, व आपणांस कोणी पाठविला. पहिल्या आठवड्यात चौथ्या गोष्टीखेरीज बहुतेकांची वही कोरीच राहिली.

त्या २०१८ च्या जूनमध्ये पालक येऊन गेले, त्याच दुपारी आम्ही त्याच ग्रुपवर 'ती चित्रफीत खातरजमा न करता पाठविली, चूक आमची आहे' असे लिहिले. पहिला निरोप कोठकोठे गेला याचा पत्ता लागला नाही. दुसरा ग्रुपच्या बाहेर गेल्याचे कोणी सांगितले नाही. दुसऱ्या रविवारी आम्ही ओढ्यापलीकडील पालांवर त्या म्हाताऱ्यास शोधण्यास गेलो. पाले उठली होती. चुलीचे तीन दगड तेवढे तेथे होते.