खिशात तीन लाख, गाडी अडीचची

दिवाळी झाली, कापूस-सोयाबीनचे पैसे हातात आले की अकोल्यात जुन्या गाड्यांच्या ठिकाणी गर्दी वाढते. मुलगी अमरावतीला शिकते, आईला महिन्यातून एकदा डॉक्टरकडे न्यावं लागतं, शेत अकोट रोडला आहे. गरज खरी असते आणि बजेट ठरलेलं असतं, तीन लाख. मग तीन लाखांच्या गाड्या बघायला सुरुवात होते. तीन लाख असतील तर बघायची ती फार तर अडीच लाखांची. उरलेले पन्नास हजारही गाडीलाच लागणार आहेत, फक्त ते विकणाऱ्याकडे न जाता मिस्त्री, विमा कंपनी आणि आरटीओकडे जाणार आहेत.

हा पन्नास हजारांचा हिशेब असा. छोट्या गाडीचे चार टायर म्हणजे तेरा ते सोळा हजार. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘१८१९’ दिसलं तर तो टायर २०१९च्या अठराव्या आठवड्यातला आहे. नक्षी कितीही शाबूत दिसो, वऱ्हाडच्या उन्हात सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. बॅटरी चार ते पाच हजार. इंजिन ऑइल, फिल्टर, कुलंट, ब्रेक ऑइल, ब्रेक पॅड यांचे मिळून सहा ते आठ हजार. गाडी नावावर करण्याची सरकारी फी किरकोळ असते, पण एजंटमार्फत गेलात तर सगळं धरून दोन ते चार हजार. फुल विमा सात ते दहा हजार. एकूण बेरीज बत्तीस ते त्रेचाळीस हजारांच्या घरात जाते आणि यात गाडीचं एकही मोठं काम धरलेलं नाही. सगळं एकदम करावं लागेलच असं नाही, पण पैसे बाजूला हवेत.

विम्यात एक बारकावा आहे. थर्ड पार्टी विम्याचा दर इंजिनच्या सीसीवर ठरतो: हजार सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, हजार ते पंधराशे सीसीला ३,४१६ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. आल्टो, ९९८ सीसीची वॅगन आर आणि सेलेरिओ खालच्या पायरीवर बसतात. स्विफ्ट, टियागो, आय-टेन वरच्या. आणि ‘पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे भाऊ’ असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि विसरून जा. तो बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही.

बरं, सेकंड हँडच का? हा प्रश्न आता खरंच विचारायला हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या आल्टो के-टेनची सुरुवातीची शोरूम किंमत पावणेचार लाखांच्या आत गेली. रोड टॅक्स, विमा धरला की ती सव्वाचार लाखांच्या आसपास पडते. म्हणून चार-पाच वर्षांच्या आल्टोला कोणी सव्वातीन लाख सांगत असेल तर तो करकपातीच्या आधीच्या जगात बसला आहे. जुनी गाडी घ्यायची तर नव्यापेक्षा निदान दीड लाखाचं अंतर पाहिजे. नाहीतर थोडं कर्ज काढून नवी घेणं शहाणपणाचं. जुन्या गाडीचं कर्ज नव्यापेक्षा महाग असतं हेही लक्षात ठेवा: दोन लाख रुपये तेरा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता ६,७४० रुपयांच्या जवळ जातो आणि निव्वळ व्याज साडेबेचाळीस हजारांचं होतं.

आधी पाणी बघा

पुण्या-मुंबईचे सल्ले ऐकून लोक गाडीचा रंग, डेंट, मीटर बघतात. आपल्याकडे आधी बोनट उघडून रेडिएटर बघायचा. याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे ऊन. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जाणं ही बातमी राहिलेली नाही. दुसरं कारण आपल्या खास मुलखातलं, खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. गाडी तापली, हापशीवरून बाटली भरली, रेडिएटरमध्ये ओतली, असं दोन-तीन उन्हाळे झालं की आत क्षारांचा थर बसतो, नळ्या बुजतात. मग गाडी आणखी तापते आणि आणखी पाणी ओतलं जातं.

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की इंजिन थंड ठेवा. हात लावून खात्री करा, मगच रेडिएटरचं झाकण उघडा; गरम असताना उघडलं तर वाफेनं तोंड भाजतं. आत हिरवं, लाल किंवा निळं कुलंट दिसलं तर चांगलं. गंजकट, तांबूस पाणी किंवा झाकणाला पांढरी-पिवळी पापडी दिसली तर ही गाडी पाण्यावर चाललेली आहे. साय आल्यासारखं तेलकट काही तरंगत असेल, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या आणि पुढच्या गाडीकडे चला. रेडिएटर बदलायला तीन ते पाच हजार पुरतात. हेड उतरवून फेसिंग करायचं म्हटलं की आठ ते पंधरा हजार, आणि तरीही इंजिन पूर्वीसारखं होईल याची हमी कोणी देत नाही.

मग गाडी दुपारी बारा-एकला सुरू करा, एसी पूर्ण लावा आणि वीस मिनिटं जागेवर उभी ठेवा. सकाळी आठची वेळ देणाऱ्याला दुपारची मागा. बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, गाडी तापल्यावर फक्त लाल दिवा लागतो. तो लागेपर्यंत थांबू नका, कान देऊन रेडिएटरचा पंखा सुरू होऊन बंद होतो का ते ऐका. एसीची हवा गार राहते की दहा मिनिटांत कोमट होते? ‘नुसता गॅस भरायचा हाये’ हे वाक्य दर दुसऱ्या गाडीपाशी ऐकू येतं. गॅसला दीड-दोन हजार लागतात. पण गॅस आपोआप संपत नाही, गळती असते, आणि कॉम्प्रेसर गेला असेल तर आकडा वीस हजारांपर्यंत जातो. एसीशिवायची गाडी अकोल्यात आठ महिने अर्धी गाडी असते.

खाऱ्या पाण्याचा त्रास खालूनही होतो. बोअरच्या पाण्यानं रोज धुतलेल्या गाडीचा पत्रा दरवाज्याच्या खालच्या कडेला, पायदानाखाली आणि डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात गंजतो. मॅट उचलून बघा. तिथे वाळलेला गाळ दिसला तर प्रकरण वेगळं आहे, ती पुरातली गाडी असू शकते. २३ सप्टेंबर २०२३ला नागपुरात नाग नदीचं आणि अंबाझरीचं पाणी वस्त्यांत शिरलं तेव्हा उभ्या गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकायला निघतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहून जाते, ती धुवायचं कोणाला सुचत नाही.

मग मॉडेल

इथे मी थोडक्यात आटोपतो, कारण अडीच लाखांत निवड फार मोठी नाही. सध्याच्या भावांचा ढोबळ अंदाज असा: २०१६च्या आसपासची आल्टो ८०० पावणेदोन ते सव्वादोन लाख, त्याच वर्षांची वॅगन आर अडीच ते तीन, क्विड दोन ते अडीच, २०१४ची इऑन दीड ते पावणेदोन. पेट्रोल स्विफ्टला मागणी इतकी, की त्याच पैशात ती दोन वर्षं जुनी मिळते. चार माणसं आणि म्हातारं माणूस असेल तर माझं मत सरळ वॅगन आरला. उंच सीट, गुडघ्यांना त्रास नाही, तिचं के-सिरीज इंजिन टायमिंग चेनवर चालतं. आल्टो ८००ला बेल्ट असतो, तो कधी बदलला ते विचारा. उत्तर नसेल तर बदलण्याचा खर्च धरा.

ज्यांच्या कंपन्या गेल्या त्या गाड्या स्वस्त दिसतात. शेव्हरोलेनं भारतातली विक्री २०१७च्या अखेरीस थांबवली, फोर्डनं २०२१मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ला गेली. बीट किंवा फिगो वाईट गाड्या नव्हत्या, पण एखाद्या सेन्सरसाठी नागपूरहून पार्सलची वाट बघत गाडी आठ दिवस मिस्त्रीकडे पडून राहते. मारुतीचं काम पातूरच्या किंवा मूर्तिजापूरच्या मिस्त्रीकडेही होतं, आणि छोट्या गाडीत हाच खरा ब्रँड.

जुनी डिझेल महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर चालणाऱ्यानेच घ्यावी. पेट्रोलबद्दलही एक गोष्ट आहे: आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि २०२३च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. मायलेज थोडं उतरतं. पेट्रोलचे रबरी पाइप जुने असतील तर पहिल्या सर्व्हिसिंगला बदलून टाका.

जमत असेल तर २०१९च्या एप्रिलनंतरची गाडी बघा, तेव्हापासून एबीएस सक्तीचं आहे. समोरच्या दोन्ही सीटना एअरबॅग सगळ्या मॉडेलांत आल्या त्या २०२१ संपता संपता. राष्ट्रीय महामार्ग ५३वर, लोणी ते माना या ७५ किलोमीटरच्या पट्ट्याचा डांबरीकरणाचा विक्रम २०२२च्या जूनमध्ये झाला, त्या गुळगुळीत रस्त्यावर आल्टोसुद्धा शंभरला टेकते. एअरबॅग नसलेली आल्टो शंभरला टेकवू नये, एवढंच म्हणतो.

चालवून बघायला मात्र हा रस्ता नको. तिथे कुठलीही गाडी छान वाटते. पातूरचा घाट चढवा, एसी लावून, गाडीत चार माणसं बसवून. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, असं झालं तर क्लच प्लेट संपली आहे. पाच ते आठ हजार कमी करून मागा.

कागद

‘एका मास्तरची गाडी हाये, निस्ती शाळेत जाऊन येत होते’ या वाक्यावर विसंबू नका. नंबर घ्या आणि एम-परिवहन ॲपवर टाका. गाडी कितव्या मालकाकडे आहे, नोंदणी कधी संपते, विमा आणि पीयूसी चालू आहे का, कर्जाचा बोजा आहे का, सगळं दिसतं. बोजा असेल तर बँकेची ना-हरकत आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसाराच्या पुढे एक रुपया देऊ नका. वाहतूक पोलिसांची ई-चलनं वेगळी तपासा. जुन्या गाडीवर पाच-सात हजारांची थकबाकी सहज निघते. गाडी चोरीची नाही ना, हे एनसीआरबीच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर बघता येतं.

नोंदणीची तारीख ही भावाची खरी दोरी आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर नूतनीकरणाची फी पाच हजार रुपये, वर पर्यावरण कर, फिटनेस आणि उशीर झाला तर महिन्याला पाचशे रुपये दंड. गाडी वीस वर्षांपुढची असेल तर ऑगस्ट २०२५ पासून हीच फी दहा हजार आहे. सव्वा लाखाची २०११ची आय-टेन म्हणूनच तितकी स्वस्त नसते. २०१९च्या एप्रिलपूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का तेही बघा. नसेल तर ७४५ रुपये अधिक जीएसटी, आणि नंबर लावून वाट बघायची.

एमएच ३०, एमएच २७, २८, ३७ हे आपले आजूबाजूचे नंबर. एमपी ६८ बऱ्हाणपूरचा, एमपी १२ खंडव्याचा. मध्य प्रदेशातली किंवा दिल्ली-हरियाणातली गाडी तीस-चाळीस हजारांनी स्वस्त सांगतात, पण तिला तिथल्या आरटीओची ना-हरकत लागते आणि महाराष्ट्राचा कर नव्यानं भरावा लागतो. पेट्रोल गाडीला नवी असताना हा कर अकरा टक्के असतो. जुनी म्हणून तो कमी होतो, शून्य होत नाही. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडचा माल इकडे येतो. नव्वद टक्के वेळा हिशेब जुळत नाही, माझं मत विचाराल तर हात लावू नका.

डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना ते लागतं आणि मूळ मालकानं गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर होते. खासगी माणसाकडून घेतली तर जीएसटीचा प्रश्न नाही. डीलरला तो त्याच्या नफ्यावर भरावा लागतो, पूर्ण किमतीवर नव्हे. ‘अठरा टक्के वेगळे’ असं कोणी म्हणालं तर बिल मागा.

फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन ठेवली, नावावर नंतर करू, असं करू नका. अपघात झाला तर भरपाईसाठी कायदा नोंदणीतल्या नावाकडे बघतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये नवीन कुमार प्रकरणात हेच सांगितलं. त्यामुळे सज्जन विकणाराच तुमच्या मागे लागेल, आणि जो लागत नाही त्याच्याबद्दल विचार करा.

घासाघीस करायची तर पितृपक्षात जा. त्या पंधरवड्यात वऱ्हाडात कोणी गाडी घेत नाही आणि डीलरला भाडं, पगार द्यायचेच असतात. दसऱ्याच्या आठवड्यात त्याच गाडीचा भाव वीस हजारांनी वर असतो. भाव करायच्या आधी एकच प्रश्न, मालकाच्या शेजाऱ्याला किंवा घरातल्या पोराला विचारायचा: ‘काहून विकून राहिले?’ नवी गाडी बुक केली, बदली झाली, वडील आता चालवत नाहीत, ही उत्तरं चालतात. ‘तशीच, पडून राह्यते’ म्हणाले तर मिस्त्रीला दुसऱ्यांदा घेऊन जा. त्याला पाचशे रुपये द्या, आणि तो मिस्त्री डीलरनं सुचवलेला नसावा.

पैसे बँकेतून द्या, ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, म्हणजे सकाळचं चलन त्यांचं आणि दुपारचं तुमचं. त्यांचा फास्टॅग काढून बंद करायला सांगा. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज द्या. आणि दुसरी किल्ली मागायला विसरू नका; चिपवाली नवी करून घ्यायला चार-पाच हजार जातात.