छेद आधी, अंश नंतर

‘या महिन्यात 140 बाळांना लस दिली’ हे वाक्य आढावा बैठकीत ऐकायला बरं वाटतं, पण त्यावरून केंद्राबद्दल काहीच कळत नाही. द्यायची किती जणांना होती? 150 असतील तर काम उत्तम. 300 असतील तर निम्म्याहून जास्त बाळं राहून गेली. म्हणून नागरी आरोग्य केंद्राचं काम मोजायला बसताना आधी भागाकारातला खालचा आकडा, म्हणजे छेद, पक्का करायचा. सुरतेत हेच सर्वांत अवघड आहे, आणि सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा लागतो.

सरकारी पद्धत अशी, की लोकसंख्या घ्यायची, तिला जन्मदराने गुणायचं आणि अपेक्षित बाळंतपणं काढायची. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या मापाने साधारण 50,000 वस्तीला एक नागरी प्राथमिक केंद्र असतं. जन्मदर हजारी 20 धरला तर वर्षाला 1,000 जन्म होतात. गर्भपात वगैरेंसाठी दहा टक्के वाढवले की 1,100 गरोदरपणं, म्हणजे महिन्याला सुमारे 92 नव्या नोंदी व्हायला हव्यात. गणित बरोबर आहे, पण ते सुरतेला जसंच्या तसं लागू पडत नाही. 2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 44 लाखांवर होती आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम साडेसातशे. वेड रोडकडे ओडिशातले यंत्रमाग कामगार मेसच्या खोल्यांतून एकेकटे राहतात. तिथे हे सूत्र लावलं तर नसलेल्या गरोदर बायका कागदावर उभ्या राहतात आणि केंद्र विनाकारण नापास होतं. लिंबायत, उधना, डिंडोलीकडे जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली कुटुंबं बायकामुलांसह राहतात. तिथे तेच सूत्र कमी आकडा देऊ शकतं आणि केंद्र न केलेल्या कामासाठी पास होतं.

तेव्हा पहिलं काम घरोघरच्या यादीचं. आशाताई आणि नर्सबाईंनी आपापल्या गल्लीची यादी वर्षातून दोनदा नव्याने करावी. दिवाळीनंतर एकदा आणि शाळा सुरू झाल्यावर एकदा, कारण गावी गेलेली माणसं तोवर परतलेली असतात. यादीत चारच गोष्टी पुरतात: गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालची मुलं, तिशीपुढची माणसं आणि बोलता येईल असा फोन नंबर. भाड्याच्या खोल्या वगळू नका. मालकाला विचारून भागवू नका, दार वाजवा. सूत्राचा आकडा आणि यादीचा आकडा शेजारीशेजारी लिहा. दोन्हींत मोठा फरक दिसला तर काम यादीवरून मोजा आणि फरकाचं कारण वरच्या कार्यालयाला लेखी कळवा.

दुसरं काम गळती मोजण्याचं. पेंटाव्हॅलंट लशीचा पहिला डोस सहाव्या आठवड्यात आणि तिसरा चौदाव्या आठवड्यात. जानेवारीतले पहिले डोस आणि जानेवारीतलेच तिसरे डोस यांची वजाबाकी करू नका, ती वेगवेगळी बाळं आहेत. जानेवारीत पहिला डोस घेतलेल्या बाळांची नावं घ्या आणि एप्रिलअखेर प्रत्येकाच्या ममता कार्डावर, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींच्या कार्डावर, तिसरा डोस आहे का, ते पाहा.

समजा 60 नावं आहेत आणि तिसरा डोस 48 जणांचा झाला. गळती 12, म्हणजे 20 टक्के. बहुतेक अहवाल इथेच थांबतात. तुम्ही त्या 12 घरी फोन करा. पाच बाळं आईबरोबर अमळनेरला किंवा नंदुरबारला गेली आणि डोस तिथे झाला, कार्डाचा फोटो आला. तीन घरांचा पत्ताच लागत नाही. चार बाळं याच वस्तीत आहेत, पण ममता दिवसाला, म्हणजे वस्तीतल्या लसीकरणाच्या ठरलेल्या दिवशी, आईला कामावरून सुटी मिळाली नाही. आता गळती 60 पैकी 7, म्हणजे 12 टक्क्यांच्या आत आली. त्याहून मोलाचं म्हणजे कोणत्या चार दारांशी जायचं ते कळलं. ‘गावी गेली’ असा शेरा पुराव्याशिवाय कधीच मान्य करू नका. तो शेरा सोपा आहे, आणि त्याच्याआड खरी राहिलेली मुलं लपतात. उलट दिशाही सांभाळा. गावाकडे पहिला डोस घेऊन सुरतेला आलेलं बाळ नोंदवहीत जुन्या तारखेसह चढवा, नाहीतर तिसरे डोस पहिल्यापेक्षा जास्त दिसतील.

बाळंतपणाचंही असंच. पहिलटकरीण माहेरी जाते. उधन्याहून नंदुरबार, अमळनेरमार्गे भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसली की सुरतेच्या नोंदवहीत तिची रेघ अर्धी राहते. ती निघण्याआधी तिकडच्या आशाताईंचा नंबर कार्डावर लिहून घ्या आणि प्रसूतीच्या अपेक्षित तारखेनंतर आठवड्याभरात फोन करा. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे कळेपर्यंत ती तुमच्याच केंद्राची बाई आहे.

रक्तदाबाचं मोजमाप थोडक्यात. ‘बीपी तपासलेले रुग्ण’ हा आकडा सोडून द्या. मागच्या तिमाहीत नोंदलेल्या रुग्णांपैकी या तिमाहीच्या भेटीत किती जणांचा दाब 140/90च्या खाली आहे, ते पाहा. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा, वर्धा या जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात हीच रीत वापरली गेली. जो आलाच नाही त्याला छेदातून काढायचं नाही. त्याचा रकाना वेगळा ठेवायचा. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा माणूस सकाळच्या ओपीडीला येऊ शकत नाही. म्हणून केसपेपरवर येण्याच्या आणि तपासणीच्या वेळेचा शिक्का मारा आणि महिनाभराने तासागणिक गर्दी आणि थांबण्याचा वेळ मांडा. न येणारे बहुतेक पाळीवाले निघाले, तर कामगार बेफिकीर आहेत असं म्हणण्याआधी संध्याकाळची ओपीडी सुरू करून पाहा.

औषधांसाठी दहा नेहमीची औषधं ठरवा आणि प्रत्येक औषध महिन्यात किती दिवस संपलेलं होतं ते लिहा. महिनाअखेरचा साठा पाहून उपयोग नाही, मधल्या काळात रिकाम्या हाताने परत गेलेला रुग्ण त्यात दिसत नाही.

आता नोंदवही खरी आहे का, हे तपासायचं. ही पायरी गाळू नये. दर तीन महिन्यांनी प्रत्येक आशाक्षेत्रातून चिठ्ठ्या टाकून 19 घरं निवडा. जिथे दोन वर्षांखालचं मूल नाही तिथे पुढचं दार. वयाप्रमाणे लसीकरण पूर्ण आहे का, ते कार्डावर पाहा. उद्दिष्ट 80 टक्क्यांचं असेल, तर 19 पैकी 13 किंवा जास्त मुलं पूर्ण निघाली की ते क्षेत्र ठीक समजायचं, कमी निघाली तर तिथे आधी लक्ष द्यायचं. नमुना छोटा आहे, म्हणून यावरून टक्केवारी छापू नका. कुठे जायचं एवढंच तो सांगतो. ही पाहणी त्या क्षेत्राच्या आशाताईंकडून करवू नका, शेजारच्या क्षेत्रातल्या ताईला पाठवा.

वैद्यकीय अधिकाऱ्याने यातल्या निदान काही घरी स्वतः जावं. सुरतेला हे नवं नाही. 1994च्या प्लेगनंतर 1995 मध्ये आलेले महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना सकाळी रस्त्यावर आणि दुपारी आढाव्याला बसवलं. ज्या गल्लीचा आकडा सांगायचा, ती सांगणाऱ्याने त्याच दिवशी पाहिलेली असायची. ती शिस्त केंद्राच्या पातळीवर आजही जमण्यासारखी आहे.

शेवटी निकाल भिंतीवर लावा, मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत. नंदुरबारसह महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत 2007 पासून लोकाधारित देखरेखीत गावकऱ्यांनी आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले आणि जनसुनावणीत अधिकाऱ्यांना जाब विचारला. लिंबायतच्या बायकांनाही हे उत्तम समजेल. फलकावर पाचच ओळी असू द्या: गळती, बाळंतपणाचा पाठपुरावा, आटोक्यातला रक्तदाब, संपलेली औषधं, थांबण्याचा वेळ. रुग्णांची नावं मात्र फलकावर कधीही येता कामा नयेत.

छेद खरा केल्यावर पहिल्या तिमाहीत टक्के बहुधा घसरतील. तेव्हा नर्सबाईंना धारेवर धरू नका. धरलंत तर पुढच्या तिमाहीत आकडे सुधारतील आणि मुलं तशीच राहतील. घसरण का झाली याचं टिपण अहवालाला जोडा, झोन कार्यालयात स्वतः जाऊन समजावा, आणि त्या चार बाळांच्या घरी पुढच्या ममता दिवसाच्या आदल्या संध्याकाळी, आई कामावरून परतल्यावर, जाऊन या.