दुपारी एकला परत

शाळा सुटल्यावर फाटकाशी तुमच्यापैकी कुणी ना कुणी थांबतंच. पूर्वी विषय असायचा पाढ्यांचा, नाहीतर अक्षराचा. या वर्षी तिघी-चौघींनी वेगळंच विचारलं. ‘बाई, तुम्ही गेला होता ना मनालीला? आमचं लेकरू मोबाइलवर ते बर्फावरून घसरणं बघून येडं झालंय. जेवताना तेच, झोपताना तेच. किती लागतात? अन् एका दिवसात होतं का?’

पैशाचं फाटकाशी उभ्या-उभ्या सांगून होतं. दुसऱ्या प्रश्नाचं होत नाही, म्हणून बसून लिहिते आहे.

होतं. मनालीहून सोलंग नाला तेरा-चौदा किलोमीटर. सकाळी जाऊन संध्याकाळच्या आत परत, असाच हा प्रकार असतो. पण तिकीट काढायच्या आधी आपलं पंचांग बघा. आपल्या लेकरांना सुट्ट्या दिवाळीत आणि उन्हाळ्यात. सोलंगला दिवाळीत बर्फ पडलेला नसतो आणि मेमध्ये वितळून गेलेला असतो. मग बर्फासाठी रोहतांगला चढावं लागतं, ३,९७८ मीटरवर. आपलं गाव पाचशे मीटरच्याही खाली. अडीच हजार मीटरच्या वर डोकं धरणं, मळमळणं सुरू होऊ शकतं, आणि लहान लेकरू ‘मला कसंतरी होतंय’ याच्यापलीकडं काही सांगत नाही. सोलंग त्या अडीच हजाराच्या आसपास आहे. तिथं जायच्या आधी पहिला दिवस मनालीत नुसता बसून काढला तर बहुतेकांचं निभतं.

म्हणजे जायचं जानेवारी-फेब्रुवारीत. आणि तेव्हा आपल्याकडं काय चाललेलं असतं, हे मी तुम्हाला काय सांगू? वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन मिळालं म्हणून हळद कुणाला रजा देत नाही. काढणी लागली की शिजवणी, वाळवण, पॉलिश. घरातला माणूस हलत नाही. आम्ही संक्रांत झाल्याबरोबर निघालो आणि महिनाअखेरीच्या आत परत आलो. तेवढीच फट होती. शिवाय बर्फाचा भरवसा धरू नका. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतारसुद्धा जवळजवळ महिनाभर उघडे पडले होते. पावसाची वाट बघणाऱ्या माणसांना हे वेगळं समजवायला नको.

परभणीहून सचखंड एक्स्प्रेस. घरून ताटल्या आणि पेले घ्या. या गाडीला वाटेत स्टेशनांवर लंगर मिळतो, डाळ-पोळी, भात, फुकट आणि प्रेमानं; पण भांडं आपलं लागतं. आमच्या धाकट्यानं रुमाल पुढं केला होता! अंबाल्याला उतरलो आणि तिथून रात्रभर बसनं वर.

आता चुकलेला दिवस सांगते.

बेत लेकरांच्या बाबांनी आखला होता. एका दिवसात सोलंग, अटल बोगदा, पलीकडचं सिस्सू, येताना हिडिंबेचं मंदिर आणि मॉल रोड. ‘इतक्या लांब आलोच आहोत तर’ हे आपलं नेहमीचं वाक्य. या एका वाक्यानं किती सहलींची माती केली असेल! हॉटेलातला नाश्ता फुकट होता, तो सोडायचा कसा, म्हणून निघायला साडेनऊ झाले. ड्रायव्हर म्हणेल त्या दुकानापुढं गाडी थांबली. तिथं भाड्यानं अंगभर कोट आणि गमबूट मिळतात. घाईघाईत थोरलीला दोन बोटं मोठे बूट मिळाले. मी म्हटलं, असू दे, मोजे दोन घाल. पुढं नेहरूकुंडापाशी गाड्यांची रांग लागली. ताजा बर्फ पडला की तिथून पुढं फक्त चारही चाकांना ताकद असलेल्या गाड्या सोडतात. त्या दिवशी तसं नव्हतं, नुसती गर्दी होती. सोलंगला पोचेपर्यंत साडेबारा.

तोपर्यंत उन्हानं आणि हजार पायांनी बर्फाची रबडी झालेली. अर्ध्या तासात शिकवून दाखवतो म्हणणारे दहाजण भोवती. मनालीची पर्वतारोहण संस्था १९६१ पासून आहे, तिचा स्कीचा अगदी पहिला वर्गसुद्धा जवळपास पंधरवड्याचा असतो. आणि आम्ही अर्ध्या तासाचे पैसे मोजत होतो. थोरलीच्या पायात स्कीच्या पट्ट्या अडकवल्या, एकानं मागून धरलं, दुसऱ्यानं पुढून ओढलं, बाबांनी व्हिडिओ काढला. ती स्वतः एक फूटही घसरली नाही. धाकट्याची सुती जीन्स गुडघ्यापर्यंत भिजली. सुती कापड एकदा भिजलं की त्या थंडीत वाळत नाही, अंगातली ऊब तेवढी ओढून घेतं. तो रडायला लागला. मोठ्या बुटात दुहेरी मोजे गोळा होऊन थोरलीच्या टाचा सोलल्या. बोगदा आला तेव्हा दोघं झोपलेली होती. सिस्सूला मी एकटीच खाली उतरले.

फोटो मात्र झकास आले. घरी दाखवले तेव्हा सगळे म्हणाले, काय मजा केली!

रात्री मी टाचांना तेल लावत होते. थोरली म्हणाली, ‘आई, उद्याचा बेत मी करू?’

हे तिला एकदम सुचलं नव्हतं. आदल्या दिवाळीत आम्ही औंढ्याला गेलो होतो आणि ती सहल मी तिच्यावर सोडली होती. कुठली एसटी, आधी काय बघायचं, डबा कुठं उघडायचा, परत कधी. औंढा नागनाथ आपल्या दारातलं, लेकरांनी दहादा पाहिलेलं. तरी बेताची वही हातात आल्यावर तिला प्रश्न पडायला लागले. नंदी देवळाच्या मागं का? नामदेवांसाठी देऊळ फिरलं ही गोष्ट ऐकलेली होती. या वेळी तिनं प्रदक्षिणा घालून खरंच मागं आहे का ते तपासलं. मग डोंगराकडं बोट दाखवून, ते लायगो कुठं होणार? अवकाशातून येणाऱ्या लहरी मोजायला चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एवढं मी सांगितलं, तिनं लिहून घेतलं. परतीची एसटी मात्र चुकली, कारण तिनं देवळातून फाट्यापर्यंत चालायचा वेळ धरलाच नव्हता. तासभर फाट्यावर बसलो. मी एक शब्द बोलले नाही. बोलायला जीभ वळवळत होती, हे कबूल करते.

मनालीत वही तीच होती. लायगोच्या चार किलोमीटरच्या नोंदीखाली तिनं लिहून ठेवलं होतं, अटल बोगदा ९.०२, आणि कंसात: झोपले.

तर तिचा बेत. सातला निघायचं. कोट-बूट आज रात्रीच आणायचे, घालून, चालून बघून. मोजे एकच जाड जोड, दुसरा कोरडा पिशवीत. एकच जागा. बाकी काही नाही. ढग खाली आले किंवा धाकटा दोनदा ‘थंडी’ म्हणाला तर लगेच निघायचं. ढगांचं तिला हॉटेलातल्या काकांनी सांगितलं होतं. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा ओढून: दुपारी एकला परत.

बाबा म्हणाले, एकला कशाला? ऊन तर चारपर्यंत असतं.

ती म्हणाली, काल आपण चढताना उतरणारं कुणी नव्हतं. म्हणजे सगळे एकदम उतरणार.

डिसेंबर २०२४ मध्ये, नाताळच्या आठवड्यात, सोलंग आणि बोगद्याच्या दरम्यान अचानक बर्फ पडून हजारो पर्यटक गाड्यांत अडकले होते. पोलिसांनी रात्री बाहेर काढले. ती बातमी तुम्हीही पाहिली असेल. वरचं घाटातलं हवामान आपल्या वळवासारखंच, सांगून येत नाही. तिला हे ठाऊक नव्हतं. तिनं नुसती रांग मोजली होती.

सकाळी आठला आम्ही उतारावर होतो. माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. रात्रीच्या थंडीनं बर्फ घट्ट झालेला, पाय ठेवला की करकर वाजायचा. शिकवणारा जवळच्याच गावचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. पहिला तासभर त्यानं पट्ट्या घालून नुसतं आडवं चढायला लावलं, शेताच्या बांधावर आडवे पाय टाकत चढतो तसं. मग पडायला शिकवलं: पुढं तोंडावर नाही, कुशीवर. आणि उठायला: आधी दोन्ही पट्ट्या उताराला आडव्या, मग हात टेकून. थोरली पडली, उठली, पडली. धाकटा मोठ्यानं मोजत होता.

मग थांबायचं कसं ते. त्यानं दोन्ही तळवे समोर धरले, बोटांची टोकं जुळवली, मनगटं लांब केली. पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर फाकवलेल्या. या तऱ्हेला इंग्रजीत बर्फाचा नांगरच म्हणतात. तिला काही केल्या जमेना. टोकं जुळवायला गेली की पट्टीवर पट्टी चढायची आणि ती आडवी. तेव्हा इतका वेळ फोन धरून उभे असलेले तिचे बाबा पहिल्यांदा पुढं आले. फोन खिशात टाकला, बर्फात उकिडवे बसले आणि बोटानं आकृती काढली. ‘हे बघ, फाळ इथं. टोकावर जोर द्यायचा नाही. जोर मागं, बाहेरच्या अंगाला. जितकं फाकवशील तितकं रुतेल.’ आयुष्यात ज्यांनी स्की पायात घातली नव्हती त्यांनी ते चार वाक्यांत सांगितलं. शिकवणारा हसला आणि मान डोलावली.

त्यानंतर ती जी सुटली! वीसएक पावलांचा उतार असेल. हळू, गुडघे वाकलेले, तोंड उघडं, आणि खाली जाऊन आपली आपण थांबली. कुणी धरलेलं नव्हतं. व्हिडिओही नाही, कारण फोन खिशात होता. अकरा वेळा पडून बाराव्यांदा.

आता फाटकाशी विचारता त्याचं. खरं सांगू, तुमचं लेकरू बर्फ मागत नाही. त्या मोबाइलमधला मुलगा एकटा घसरतो आणि एकटा थांबतो, ते त्याला हवं असतं. आपण त्याला दोन बाजूंनी धरून, कोट घालून, फोटोत उभं करतो आणि म्हणतो, झालं तुझ्या मनासारखं. पैसे आपले, बेत आपला, घाई आपली, आणि शेवटी ‘एवढा खर्च केला तरी तोंड पाडून बसलाय’ हे बोलणंही आपलंच. मीही पहिल्या दिवशी गाडीत हेच बोलले होते. दोन बोटं मोठ्या बुटात सोललेल्या टाचा मला रात्री दिसल्या.

वही द्या त्याच्या हातात. मनालीला जायच्या आधी औंढ्यासाठी द्या. एसटी चुकू द्या. घरापासून तासाभरावर चुकलेली गाडी स्वस्त पडते.

आणि काही गोष्टी मात्र त्याच्यावर सोडू नका. काळा चष्मा आणि अंगाला लावायचं सनस्क्रीन. थंडी आहे म्हणून ऊन लागत नाही असं आपल्याला वाटतं, पण दर हजार मीटर चढलं की उन्हातले जाळणारे किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातले ऐंशी टक्क्यांपर्यंत खालून परत तोंडावर फेकतो. मी चष्मे आणले होते, सनस्क्रीन विसरले. आठवडाभर आमच्या चौघांची नाकं हळद शिजवून आल्यासारखी दिसत होती. हातमोजे पाणी न शोषणारे घ्या; लोकरीचे आजीनं विणलेले बर्फात दहा मिनिटं टिकतात. भाड्याच्या पट्ट्यांचं कुलूप, बूट सुटतो-बसतो ते, तुम्ही स्वतः दोनदा उघडून बघा. आणि शिकवणाऱ्याशी पैसे वेळेवर ठरवा, चकरांवर नको.

तिच्या बेतातही एक भोक होतंच: खाण्याचं. सातला निघायचं लिहिलं, सातला नाश्ता मिळत नाही हे नाही लिहिलं. अकराच्या सुमाराला सगळ्यांना कडकडून भूक लागली आणि उतारावर चहा-मॅगीची टपरी अजून शेगडीच पेटवत होती. माझ्या पिशवीच्या तळाशी गावाहून आणलेल्या दोन दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघाली. पाच दिवसांच्या दशम्या, थंडीनं पापडासारख्या कडक. बर्फावर बसून त्या चौघांनी मोडून खाल्ल्या. शिकवणाऱ्यालाही दिली. त्यानं चटणी परत मागितली.

पाऊण वाजला तेव्हा तिचे बाबा रंगात आले होते. त्यांनाही आता पट्ट्या घालून बघायच्या होत्या. आकाश स्वच्छ, धाकटा एकदाही ‘थंडी’ म्हणाला नव्हता. ‘अजून एक तास. कोण विचारतंय?’ माझंही मन होतं, खोटं कशाला बोलू. आम्ही दोघांनी तिच्याकडं बघितलं. तिलाही राहायचं होतं, ते तोंडावर दिसत होतं. तिनं हातमोजा काढून वही उघडली, ते दोन रेघांमधलं वाक्य बघितलं आणि पट्ट्या सोडायला खाली वाकली.

बाबा गाडीपर्यंत बोलले नाहीत.

खाली उतरताना समोरून वर जाणाऱ्या गाड्यांची रांग संपेना. धाकट्यानं मोजायला सुरुवात केली आणि एकशेचाळीसला सोडून दिलं. मग त्यानं तिच्या मांडीवरची वही ओढून बघितली. ‘एकला परत, अन् त्याच्यापुढं? पुढं काय करायचं, ते लिहिलंच नाही.’

‘झोपायचं,’ ती म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकलं. ओला हातमोजा तिनं हीटरच्या जाळीवर वाळत घातला होता.

पुढच्या सीटवरून बाबा म्हणाले, ‘परत आलो की मला पण शिकव तो नांगर.’

ती तोवर झोपली होती.