पिकअपचा एअर फिल्टर बदलायला किती खर्च येतो?

बोलेरो पिकअप, टाटा योद्धा किंवा अशोक लेलँडचा दोस्त अशी डिझेल गाडी असेल, तर तिचा नावाजलेल्या कंपनीचा एअर फिल्टर सातारा-सांगलीकडे साधारण ३०० ते ७०० रुपयांत येतो. गाडी कोणती, मॉडेल कोणत्या वर्षाचं आणि डबा गोल की चौकोनी, यावर भाव वर-खाली होतो. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला माल थोडा महाग पडतो. बदलायची मजुरी ओळखीच्या गॅरेजात ५० ते १०० रुपये, आणि सर्व्हिसिंगसोबत केलं तर बहुतेक वेळा वेगळी धरतच नाहीत. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मजुरीसह हे काम ६०० ते १,००० रुपयांच्या घरात जातं. भाव बदलत राहतात, तेव्हा हे आकडे अंदाज म्हणून धरा आणि दुकानात खोक्यावरची एमआरपी वाचा.

म्हणजे महिन्याच्या डिझेलपुढे हा खर्च काहीच नाही. तरीही गाडीच्या देखभालीत सगळ्यात जास्त चालढकल याच फिल्टरची होते. तो फुटत नाही, गळत नाही, आवाज करत नाही, आणि गॅरेजवाला सहज म्हणतो, "हवा मारून देतो मालक, चालतंय की अजून." माझं म्हणणं एवढंच आहे की हवा मारण्यात वाचलेले पैसे पुढे इंजिनच्या कामात निघतात. ते कसं, ते नीट बघू.

एक लिटर डिझेल नीट जळायला किमान १०,००० लिटर हवा लागते, आणि चालत्या इंजिनात ती त्याहून बरीच जास्त जाते. २,५२३ सीसीचं इंजिन २,००० आरपीएमवर असेल तर टर्बोचा जोर न धरताही मिनिटाला जवळपास अडीच हजार लिटर हवा ओढतं. ही सगळी हवा त्या घड्या घातलेल्या कागदातून जाते. जाईल तिथली धूळ तिच्यात असते, आणि आपल्याकडच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. ते कागदाच्या पलीकडे गेले की आधी टर्बोच्या पात्यांवर आदळतात, मग सिलेंडरमध्ये रिंगा आणि लायनर घासत बसतात. गाडी ऑइल खायला लागते, मागून निळसर धूर दिसतो, ओढ कमी होते. टर्बो बदलायचा म्हटलं तर १५ ते ३० हजार, आणि इंजिन उतरवून रिंगा-लायनरचं काम काढलं तर आकडा ५० हजारांच्या पुढे जातो.

मायलेजचं काय? फिल्टर तुंबला की मायलेज पडतं हे खरं, पण नव्या गाड्यांत ते लगेच जाणवत नाही. कॉमन रेल इंजिनात हवा कमी आली की संगणक डिझेलही कमी सोडतो. त्यामुळे आधी जाणवतं ते चढाला: खंबाटकी किंवा पसरणीच्या घाटात भरलेली गाडी एक गिअर खाली मागते. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत मात्र काळा धूर लगेच दिसतो. हिशोब करून बघा. रोज १२० किलोमीटर धाव आणि लिटरला १२ चं मायलेज धरलं तर १० लिटर डिझेल लागतं. ते साडेअकरावर आलं तर रोज ४०० मिलिलिटरच्या वर जादा जातं. डिझेल ९० रुपये धरलं तर जवळपास ४० रुपये. ४५० रुपयांचा फिल्टर दोन आठवड्यांच्या आत फिटतो.

किती किलोमीटरला बदलायचा, हा प्रश्न सगळे विचारतात. उत्तर गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत आहे, पण धुळीच्या रस्त्यावर तो त्याआधी बदला असंही त्याच पुस्तिकेत लिहिलेलं असतं, आणि ते वाचायचं राहून जातं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत या बाबतीत दोन टोकं आहेत. सातारा जिल्ह्यातच कोयनानगरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पूर्वेला माण तालुक्यात ५०० च्या आत-बाहेर. सांगलीत शिराळ्याची गाडी आणि जतची गाडी एकाच मॉडेलची असली तरी त्यांच्या फिल्टरचं आयुष्य एक नसतं. पुणे-बेंगळुरू महामार्गावर सातारा ते कराड ये-जा करणाऱ्याने पुस्तिकेतला आकडा पाळला तर चालेल. सहापदरीकरणाच्या कामातून रोज जाणारी गाडी असेल तर अलीकडेच बघावा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव इथल्या कच्च्या रस्त्यावर डाळिंब, द्राक्षं किंवा पशुखाद्य नेणाऱ्याने पुस्तिकेतला आकडा निम्मा धरावा. खडी क्रशर आणि वीटभट्टीवर चालणाऱ्या गाडीला तर किलोमीटर लावूच नयेत, महिन्याला डबा उघडून बघावा. ऊसतोडीच्या दिवसांत शेतातल्या वाटांवर ट्रॅक्टर-ट्रॉलीमागून जाणारी पिकअप दिवसभर त्या ट्रॉलीचा धुरळा ओढत असते. हंगाम सुरू होताना नवा फिल्टर घालावा आणि कारखाना बंद झाला की पुन्हा बघावा.

पण बघावा म्हणजे रोज उघडावा असं नाही. कागदावर थोडी धूळ बसली की त्याची छिद्रं बारीक होतात आणि फिल्टर नव्यापेक्षा थोडं चांगलंच गाळतो. दर आठवड्याला तो काढून झटकला तर प्रत्येक वेळी कडेचं रबर थोडं सैल बसायचा आणि काढता-घालताना आतल्या बाजूला धूळ पडायचा धोका असतो. रबर नीट बसलं नाही तर आजूबाजूने न गाळलेली हवा सरळ आत जाते. असा गळका फिल्टर तुंबलेल्यापेक्षा वाईट, कारण गाडी मस्त ओढते आणि आत रिंगा झिजत राहतात.

गॅरेजातल्या कॉम्प्रेसरचं बघा. टायरसाठी भरलेल्या त्या टाकीत १०० पीएसआयच्या वर दाब असतो. कागद ३० पीएसआयच्या पुढे नीट सोसत नाही. नोझल घडीला चिकटवून बाहेरून हवा मारली तर धूळ कागदात आणखी रुतते, आणि बारीक भोकं पडतात ती डोळ्यांना दिसत नाहीत. हवा मारायचीच असेल तर दाब कमी करून, नोझल हातभर लांब धरून, आतून बाहेर मारावी. आणि एकदाच, तेही पुढच्या गावात नवा फिल्टर मिळेपर्यंत. पाण्याने किंवा रॉकेलने कागदी फिल्टर कधीच धुऊ नका. जुन्या जीप आणि ट्रॅक्टरला ऑइल बाथचा डबा असायचा, त्यातली जाळी धुवायची सवय आपल्याकडे मुरलेली आहे; कागदाला ती लागू नाही.

फिल्टर ठेवायचा की टाकायचा, हे घरी ठरवता येतं. संध्याकाळी, अंधार पडल्यावर, गोल फिल्टर असेल तर त्याच्या आत मोबाइलचा टॉर्च धरा. घड्यांतून सगळीकडे सारखा अंधुक उजेड यायला हवा. काही पट्टे काळे ठिक्कर दिसले तर तो तुंबला. सुईच्या टोकाएवढा लख्ख ठिपका दिसला तर तो फाटला, लगेच टाकून द्या. मग फिल्टरच्या पलीकडे टर्बोकडे जाणाऱ्या नळीत स्वच्छ फडकं बोटाला गुंडाळून फिरवा. थोडा तेलकटपणा चालतो. पण बोटावर पिवळसर माती आली, तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही. होज पाइपला तडा आहे, क्लिप सैल आहे किंवा रबर बसलेलं नाही, ते आधी शोधा. होज क्लिप किरकोळ पैशांत येते. होज पाइप गाडीप्रमाणे काहीशे ते दीड-दोन हजारांपर्यंत.

खरेदी करताना आरसी बुकवरचं मॉडेल आणि वर्ष सांगा, शक्य तर जुना फिल्टर सोबत न्या. बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीचे फिल्टर दिसायला सारखे वाटले तरी एकमेकांच्या डब्यात बसतीलच असं नाही. जुना आणि नवा दोन्ही हातात घेऊन उंची, व्यास आणि घड्यांची दाटी बघा. डुप्लिकेट मालात घड्या विरळ असतात, कागद पातळ, कडेचं रबर कडक. चांगलं रबर अंगठ्याने दाबलं तर लगेच वर यायला हवं. दीडशे रुपयांत कंपनीचा म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीचाच फिल्टर घाला आणि बिल जपा. पुढे टर्बोचा दावा करायची वेळ आली तर तेच कामी येतं. सर्व्हिसिंगच्या बिलात नुसतं 'फिल्टर' लिहिलेलं असेल तर विचारा कोणता. ऑइल, डिझेल आणि एअर असे तीन वेगवेगळे असतात, आणि एअर फिल्टर 'हवा मारून' परत बसवलेला असू शकतो. जुना फिल्टर मागून घ्या.

बदलणं अवघड नाही. इंजिन थंड असताना डब्याच्या क्लिपा किंवा नट सोडा, जुना फिल्टर न आपटता बाहेर घ्या, डबा ओल्या फडक्याने पुसा. तिथे हवा मारू नका, धूळ नळीत जाते. डब्याखाली धूळ पडायची रबरी टोपी असेल तर ती दाबून मोकळी करा. ती गेली असेल तर नवी घाला, शंभराच्या आत-बाहेर मिळते. नवा फिल्टर बसवल्यावर झाकण सगळीकडून सारखं टेकलंय का, हे बोट फिरवून बघा. मार्करने डब्यावर तारीख आणि किलोमीटर लिहा.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. पाटण, महाबळेश्वर, शिराळ्याकडे ओला झालेला कागद फुगतो आणि हवा अडते. असा फिल्टर वाळवून पुन्हा घालू नये. आणि कृष्णेचं पाणी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात सांगलीत कित्येक गाड्या पाण्यात राहिल्या. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोका पातळी जवळ यायला लागली की गाडी उंचावर न्यावी. बुडालेली गाडी असेल तर स्टार्टर मारायच्या आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. कागद ओला असेल किंवा डब्यात पाणी असेल तर चावी फिरवूच नका, गाडी ओढून न्या. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यातल्या गाडीला स्टार्टर मारून झालेलं इंजिनचं नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुतेक वेळा नाकारलं जातं.

फसवणूक झाली तर गप्प बसू नका. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर जीएसटी लावून मागणारा बेकायदा मागतोय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पिकअप व्यवसायाची म्हणून आपण ग्राहक नाही, असं वाटून अनेक जण मागे राहतात. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहकच धरला जातो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. जाताना बिल, एमआरपी छापलेलं खोकं आणि काढलेला फिल्टर पिशवीत घालून न्या.