पेशीकेंद्रकाची दारे : एकपेशीय जीवांच्या आधारे एक अभ्यास

अमीबाचे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत काढलेले आहे. वेडीवाकडी कडा, आत थोडे ठिपके आणि मधोमध एक गडद गोल. त्या गोलाला बाण काढून ‘केंद्रक’ असे लिहिले की गुण मिळत. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. विज्ञानाशी आमचा संबंध त्या बाणापुरताच राहिला असता. परंतु सोसायटीच्या रविवारच्या अभ्यासवर्गात विज्ञान शिकविणारे सर काही महिने येऊ शकले नाहीत आणि ते काम आमच्याकडे आले.

एका रविवारी आम्ही सांगत होतो की, जीवाचा सर्व आराखडा डी.एन.ए.च्या रूपाने केंद्रकात जपलेला असतो आणि त्याभोवती दुहेरी पटल असते. तेव्हा नववीतील एका मुलीने विचारले, “सर, आराखडा आत कोंडलेला आणि प्रथिने तयार करण्याचे काम बाहेर पेशीद्रवात. मग आतला निरोप बाहेर जातो कसा?” आम्ही म्हणालो, “पटलाला चाळणीसारखी भोके असतात. बारीक ते जाते, जाड ते अडते.” तिने ते वाक्य वहीत उतरवून घेतले. घरी येऊन पुस्तके उघडल्यावर कळले की आमचे उत्तर अर्धेच बरोबर होते. वहीतले वाक्य मुले पाठ करतात, म्हणून ही दुरुस्ती छापून देणे आम्हांस आवश्यक वाटते.

ऑर्किडच्या पेशींत दिसणाऱ्या या गोलाला केंद्रक हे नाव रॉबर्ट ब्राऊन यांनी १८३१ मध्ये दिले. तेथून निरोप बाहेर जातो, हे मात्र पुढे शंभर वर्षांनी एका समुद्री शैवालाने दाखवून दिले. त्याचे नाव अ‍ॅसिटाब्युलारिया. काही सेंटीमीटर उंच, तळाशी मुळांसारखा पसारा, मधे देठ आणि वर छत्री. हा सर्व डोलारा म्हणजे एकच पेशी! तिचे केंद्रक असते अगदी तळाशी, मुळांसारख्या भागात.

जर्मनीतील योआखिम हेमरलिंग यांनी १९३० च्या दशकात या शैवालावर प्रयोग केले. एका जातीची छत्री गोल आणि अखंड असते, तर दुसरीची सुट्या पाकळ्यांसारखी. हेमरलिंग यांनी एका जातीच्या तळावर दुसऱ्या जातीच्या देठाचे कलम केले. पहिली छत्री पुष्कळदा दोहोंच्या मधली आली. ती कापून टाकल्यावर जी नवी उगवली, ती तळातील केंद्रकाच्या जातीची होती. म्हणजे हुकूम केंद्रकाचा, हे सिद्ध झाले. परंतु आम्हांस याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रयोग. त्यांनी केंद्रकासह तळ कापून टाकला आणि नुसता देठ पाण्यात ठेवला. केंद्रक नसतानाही त्या देठाला छत्री आली! ती कापल्यावर मात्र पुन्हा आली नाही. याचा अर्थ, केंद्रकातून काही द्रव्य आधीच बाहेर पडून देठात साठले होते आणि ते एकदा संपले की संपले. हे द्रव्य कोणते हे त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. संदेशवाहक आर.एन.ए.ची ओळख पटली ती १९६१ मध्ये.

निरोप बाहेर येतो हे कळले, पण वाट? ती १९५० मध्ये दिसली. कॅलन आणि टॉमलिन यांनी बेडकाच्या वर्गातील प्राण्यांच्या अंडपेशींचे केंद्रकपटल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर ते रंध्रांनी भरलेले आढळले. काही वर्षांतच अमीबाच्या केंद्रकपटलावरही रंध्रे दिसली. आपण शाळेत पेन्सिलीने गिरवून काळा केलेला तो गोल असा शेकडो वाटांनी उघडा होता.

आता आमच्या चुकीकडे वळू. कार्ल फेल्डहेर यांनी १९६० च्या दशकात अमीबाच्या पेशीद्रवात सोन्याचे अतिसूक्ष्म कण टोचले. लहान कण रंध्रांच्या मधोमध वाट काढून केंद्रकात शिरले, मोठे बाहेरच राहिले. येथवर चाळणीची उपमा चालते. परंतु १९८४ मध्ये त्यांनीच सहकाऱ्यांसह बेडकाच्या अंडपेशीत वेगळा प्रयोग केला. मोठ्या कणांवर त्यांनी केंद्रकात राहणाऱ्या एका प्रथिनाचा लेप दिला. जे कण आकारामुळे अडायला हवे होते, ते सरळ आत गेले! चाळणीत असे कधी होत नाही. बँकेत पूर्वी पैसे काढणाऱ्याला पितळी टोकन देत. समोरचा माणूस किती धिप्पाड आहे हे रोखपाल पाहत नसे, टोकनाचा क्रमांक पाही. केंद्रकात जाणाऱ्या मोठ्या प्रथिनाच्या साखळीतही अशी खूण असते. ती ओळखणारी वाहक प्रथिने त्याला रंध्रातून पलीकडे नेतात. बाहेर पडणाऱ्या संदेशवाहक आर.एन.ए.लाही वाहक लागतात. लहान रेणू तेवढे आपसूक ये-जा करतात.

या रंध्राची बांधणीही पाहण्याजोगी आहे. रुंदी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी, रचना आठ पाकळ्यांच्या कड्यासारखी. पावाच्या यीस्टमध्ये एकेक रंध्र सुमारे ३० प्रकारच्या, एकूण साडेपाचशेच्या आसपास प्रथिनरेणूंनी बनलेले असते. मधल्या पोकळीत लवचीक प्रथिनधागे लोंबत असतात. त्यांना क्षणभर धरत, क्षणात सोडत वाहक पलीकडे जातो.

या धाग्यांचे महत्त्व टेट्राहायमिना या गोड्या पाण्यातील जीवाने उघड केले. त्याच्या एकाच पेशीत दोन केंद्रके असतात. मोठे रोजचा कारभार पाहते. लहान केंद्रक एरवी जवळजवळ मूक असते, पुढील पिढीसाठी आराखडा सांभाळते. पेशीद्रव तर दोघांना एकच. मग ज्याचे प्रथिन त्याच्याच घरी कसे पोहोचते? जपानमधील संशोधकांना २००९ मध्ये आढळले की, दोन्ही केंद्रकांच्या रंध्रांतील एका प्रथिनाचे धागे निरनिराळे आहेत. त्यांनी धाग्यांची अदलाबदल केली, तेव्हा योग्य प्रथिनांचाच प्रवेश अडला. भिंत तशीच राहिली, दार बदलले आणि घरचाच माणूस बाहेर राहिला.

विद्यार्थ्यांनी शेवटी हिवतापाच्या परजीवीचेही उदाहरण ध्यानात ठेवावे, कारण तो आपल्या रक्तात शिरतो. आपल्या तांबड्या पेशीला केंद्रक नसते, पण तिच्यात घुसलेल्या या एकपेशीय जीवाला असते. तो लहान असताना त्याच्या केंद्रकाला मोजकीच रंध्रे असतात, तीही एका बाजूला गोळा झालेली. तो खाऊ-वाढू लागला की त्यांची संख्या डझनांवर जाते. पुढे केंद्रकाचे विभाजन होऊन अनेक केंद्रके बनतात, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला पुन्हा मोजकीच रंध्रे उरतात. ती घेऊन पिल्ले तांबडी पेशी फोडून बाहेर पडतात आणि त्या सुमारास रुग्णाला थंडी वाजून ताप भरतो.