अतिवृष्टी, पूर आणि दरड : घरी सांगण्याचा एक धडा

सकाळच्या परिपाठात वर्तमानपत्रातील ठळक बातम्या वाचून दाखवण्याची प्रथा आपल्या शाळेत जुनी आहे. जुलै २०२३ मधील अशाच एका सकाळी इरशाळवाडीची बातमी वाचली गेली. परिपाठ संपल्यावर आठवीतील एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, आमचं घरपण डोंगराच्या पायथ्याशीच आहे. घरी काय सांगू?” मी इतिहासाचा शिक्षक. त्या दिवशी मला तिला नीट उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. आपल्या वसतिगृहातील अनेक मुलांची घरे डोंगरउतारावर वा नदीकाठी आहेत, म्हणून ते स्मरणिकेतून सर्व पालकांपर्यंत आणि माजी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावे, ही इच्छा.

प्रथम घटना पाहू. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या कुशीत वसलेल्या ठाकूर आदिवासींच्या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. वाडीतील काही मुले शिक्षणासाठी आश्रमशाळेत राहत होती, म्हणून ती वाचली. मात्र त्यांच्यापैकी काहींना परतण्यासाठी घर उरले नाही आणि आईवडीलही उरले नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे नंतर विधिमंडळात सांगण्यात आले. यातून पहिला धडा मिळतो : यादीत नाव नाही म्हणून आपण सुरक्षित आहोत, असे मानू नये.

यापूर्वी ३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गाव गाडले गेले होते. १५१ माणसे मृत्यू पावली. नेहमीप्रमाणे एस.टी. घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा जगाला वार्ता कळली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली.

महाडचे नाव घेताच आपल्या मनात चवदार तळ्याचे स्मरण जागे होते. त्याच इतिहासात दासगाव हे नाव आहे. डिसेंबर १९२७ मधील सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने दासगावच्या बंदरात उतरले आणि तेथून महाडला गेले. समुद्रमार्गे येणारी बोट दासगावपर्यंत पोहोचू शकत होती, कारण सावित्री नदीत तेथवर भरतीचे पाणी चढते. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत याच दासगावावर आणि त्याच तालुक्यातील जुई, रोहन व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. चार गावांत मिळून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आपण दरवर्षी अभिवादनासाठी ज्या वाटेने जातो, त्या वाटेवरील ही गावे आहेत.

असे का घडते? सावित्री महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावते आणि फार थोड्या अंतरात घाट उतरून पोलादपूरमार्गे महाडच्या सखल भागात येते. महाडजवळ तिला गांधारी आणि काळ या नद्यांचे पाणी मिळते. २२ व २३ जुलै २०२१ दरम्यान महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. म्हणजे डोंगराच्या प्रत्येक चौरस मीटरवर एका दिवसात जवळजवळ सहाशे लिटर पाणी ओतले गेले. सोलापूरसारख्या जिल्ह्याला वर्षभरात मिळते जवळपास तेवढे. हे पाणी वेगाने खाली येते, आणि त्याच वेळी समुद्राला भरती असेल तर त्याचा निचरा अडतो. मग ते बाजारपेठेत आणि घराघरांत शिरते.

दरडीचे कारण जमिनीच्या पोटात असते. सह्याद्रीचा कातळ कठीण असला, तरी त्यावर झिजलेल्या दगडांचा, मुरमाचा आणि मातीचा थर असतो. कणांमधील परस्पर घर्षणाने हा थर उतारावर टिकून राहतो. अनेक दिवस संततधार लागली की पाणी मुरून कणांमधील पोकळ्या भरतात. थराचे वजन वाढते, आतून पाण्याचा दाब वाढतो आणि पकड सुटते. उतार तोडून काढलेला रस्ता, यंत्राने केलेले सपाटीकरण, तोडलेली झाडे आणि बुजवलेले ओहोळ ही पकड आणखी सैल करतात. मुरलेले पाणी पाऊस थांबल्यावरही आत साचून असते, म्हणून उघडीप मिळाल्यानंतरही दरड कोसळू शकते. हा कोणाचा कोप नव्हे, आणि कोणाच्या पूर्वसंचिताचे फळ तर मुळीच नव्हे. हा कार्यकारणभाव आहे. कारण ओळखता आले तर परिणाम टाळता येतो, निदान त्यातून माणसे वाचवता येतात.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी एक कारण दिसते. पाऊस जात पाहत नाही. वस्त्यांची रचना मात्र जात पाहूनच झाली आहे. गावकुसाबाहेरच्या माणसांना उरलेली जागा मिळाली, आदिवासींच्या वाट्याला उतार आले, आणि शहरात आलेल्या गरिबाला टेकडीचा कडा किंवा नाल्याचा काठ मिळाला. म्हणून सुरक्षित जागी पुनर्वसन मागणे म्हणजे दया मागणे नव्हे. तो नागरिकाचा हक्क आहे.

या संदर्भात बाबासाहेबांचे एक कार्य आपल्याकडे कमी सांगितले जाते. १९४३ मध्ये दामोदर नदीला महापूर आला, बांध फुटला आणि कलकत्त्याचा रस्ता व रेल्वेमार्ग तुटला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची धुरा बाबासाहेबांकडे होती. पुराकडे केवळ संकट म्हणून न पाहता, पाणी अडवून त्यातून सिंचन, वीज आणि जलवाहतूक साधावी, असा बहुउद्देशीय विचार त्यांनी पुढे नेला. त्यातूनच पुढे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. संकटाचा अभ्यास करावा आणि आधी योजना करावी, ही त्यांची रीत आपणही घराच्या पातळीवर पाळू शकतो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. घरी काय सांगायचे?

पहिले, पाऊस मोजा. सरळ कडांचा एखादा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी पट्टीने पाणी मोजून वहीत लिहा. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ पाऊस मानला जातो. सलग काही दिवसांची बेरीजही पाहावी, कारण आधीच भिजलेला डोंगर थोड्या पावसानेही सुटू शकतो.

दुसरे, खुणा ओळखा. जमिनीला किंवा भिंतीला नव्या भेगा पडणे, दारे-खिडक्या अचानक घट्ट बसणे, झाडे वा विजेचे खांब कलणे, नव्या जागी झरा फुटणे, स्वच्छ झऱ्याचे पाणी गढूळ होणे. भर पावसात ओढ्याचे पाणी एकाएकी कमी झाले, तर वर कोठेतरी तो अडला आहे असे समजावे. डोंगरातून घरघर ऐकू आली, तर क्षणाचाही विलंब करू नये.

तिसरे, निर्णय आधी घ्या. माणसे घर सोडत नाहीत, कारण गोठ्यात जनावरे असतात, कणगीत धान्य असते, खाटेवर म्हातारी आई असते. शिवाय जायचे कोठे? रात्री दोन वाजता कोणाचे दार ठोठवायचे, हा प्रश्न आपल्या वस्त्यांना नवा नाही. म्हणून शाळा, विहार, समाजमंदिर यांपैकी सुरक्षित जागा जूनपूर्वीच ठरवावी. वृद्धांना कोण उचलणार आणि जनावरांची दावी कोण सोडणार, हेही ठरवावे. आधार, रेशनकार्ड, जातीचे प्रमाणपत्र, सातबारा व मुलांचे दाखले प्लास्टिकच्या एका पिशवीत ठेवावेत. शक्यतो दिवसाउजेडी निघावे. ओढ्याच्या पात्रातून उतरू नये. दरडीच्या वाटेपासून बाजूला सरकावे. वाहत्या पाण्यात पाऊल टाकू नये, कारण गुडघाभर पाण्याचा जोरही धडधाकट माणसाला पाडतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा.

चौथे, सामूहिक मागणी करा. ग्रामसभेत उताराच्या तपासणीचा ठराव मांडावा, आणि त्याची प्रत तहसील कार्यालयात देऊन पोच घ्यावी. आपले माजी विद्यार्थी आज अभियंते, तलाठी, परिचारिका आणि पत्रकार आहेत. प्रत्येकाने जूनमध्ये एक दिवस आपल्या वाडीला द्यावा, एवढी विनंती आहे.

पुष्कळदा घर सोडून गेल्यावर दरड येतच नाही. मग लोक हसतात, आणि पुढच्या वेळी कोणी उठत नाही. पालकांनो, आपले मूल सुट्टीत घरी येऊन म्हणाले, “आई, आज रात्री इथं नको राहूया,” तर त्याला भित्रे म्हणू नका. ते शिकून आले आहे. दहा वेळा व्यर्थ गेलेली रात्र परवडते. अकराव्या वेळी सगळे कुटुंब सकाळी एकत्र दिसले पाहिजे.